पाना-पक्कड : बागेतली जुनी यंत्रं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की बागेचं जुनं यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा मला विचारा. पत्रांचा ढीग आला. बऱ्याच जणांनी आधी सगळं खोलून, नट-बोल्ट डालड्याच्या डब्यात टाकून, मग पत्र लिहिलंय. त्यांना सध्या एकच सांगणं, डब्यातलं काही हरवू देऊ नका आणि फोटो पाठवा. ज्यांनी खोलण्याआधी विचारलं, त्यांची पत्रं आज घेतली आहेत. नावं वगळली आहेत, गावं ठेवली आहेत.

दापोलीहून : *काका, आमच्या आंब्याच्या बागेत वडिलांनी घेतलेला व्हिलियर्स इंजिनाचा पंप आहे. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा. एका दोरीत सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटं छान चालतो आणि मग आचके देत बंद पडतो. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. मेकॅनिकने कार्बुरेटर साफ केला, प्लग बदलला. आता म्हणतो रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल. करू का?*

आधी एक दुरुस्ती. मी काका नाही, ताई. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपवर पाटी अजून वडिलांच्या नावाची आहे, त्यामुळे पुष्कळ जण फसतात. इंजिनाला त्याने काही फरक पडत नाही.

बोअर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा, करू नका. पिस्टनच्या रिंगा गेलेलं इंजिन सुरू व्हायलाच रडवतं, निळा धूर सोडतं आणि दोरी ओढताना हाताला कम्प्रेशन लागत नाही. तुमचं एका दोरीत सुरू होतं असं तुम्हीच लिहिलंय. थंड असताना नीट चालून ठरावीक वेळाने थांबणाऱ्या इंजिनाला एक तर पेट्रोल पोचत नसतं, नाहीतर ठिणगी पडत नसते. दोन्हींपैकी काय, हे कळायची वेळ एकच : बंद पडलं तो क्षण. मेकॅनिक मोटारसायकलवरून येईपर्यंत इंजिन थंड होतं, पुरावा नाहीसा होतो, आणि मग तो बिचारा कार्बुरेटर साफ करून जातो.

तेव्हा पुढच्या वेळी प्लगचा पाना घेऊन स्वतः शेजारी बसा. इंजिन थांबलं की सगळ्यात आधी टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या. आत हवा ओढल्याचा 'स्स' असा आवाज आला तर चोर सापडला. त्या झाकणात सुईच्या टोकाएवढं भोक असतं. टाकीतून जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. भोक बुजलं की टाकीत पोकळी धरते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. मग कुठूनतरी हवा झिरपून आत येते आणि तुम्हाला वाटतं इंजिनाने विश्रांती घेतली. तुमच्याकडे कोकणात हे भोक बुजवायचं काम बहुतेकदा कुंभारीण माशी करते. पंपाच्या खोलीतल्या खुंटीवर, कुलपाच्या भोकात, नळीच्या तोंडात जिथे तिथे ओल्या मातीचं घर बांधणारी ती हीच. झाकण उलटं करून आतल्या चकतीमागे बघा, वाळलेली मातीची गोळी दिसेल. बारीक तार घाला, फुंकर मारा, काम संपलं. सायलेन्सरचं तोंडही बघून घ्या, तिला तीही जागा आवडते.

आवाज आला नाही तर लगेच प्लग काढा. गरम असतो, फडक्याने धरा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलचा दोष, ओला असेल तर ठिणगीचा. ठिणगी बघायची तर सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, प्लगची बॉडी इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि दोरी ओढा. निळी, टच्च वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल किंवा पडतच नसेल तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे फ्लायव्हीलमागे पॉइंटांशी (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांशी) जोडलेल्या छोट्या डबीवर. जुन्या कंडेन्सरचं आतलं इन्सुलेशन गरम झालं की दगा देतं आणि थंड झालं की पुन्हा शुद्धीवर येतं, त्यामुळे तो बाकावर तपासला की निर्दोष सुटतो. मूळ कंपनीचाच हवा म्हणून अडून बसू नका. साधारण ०.२ मायक्रोफॅराडचा, पॉइंटवाल्या जुन्या स्कूटरचा चालतो. फ्लायव्हील काढलंच आहे तर पॉइंटही साफ करा आणि फट ०.०१२ ते ०.०१५ इंचांत ठेवा. कंडेन्सर बदलूनही तेच रडगाणं असेल तर कॉइल.

प्लग कोरडा, आणि झाकणाचाही आवाज नाही, असं निघालं तर तिसरी शक्यता. रॉकेल गरम झाल्याशिवाय त्याची धड वाफ होत नाही, म्हणून अशा इंजिनांत सायलेन्सरची ऊब मुद्दाम इनटेककडे दिलेली असते. रेशनचं रॉकेल आता सहसा मिळत नाही, म्हणजे तुम्ही बहुधा पेट्रोलवरच चालवताय. पेट्रोलला तीच ऊब जास्त होते, नळीत बुडबुडे धरतात आणि प्रवाह तुटतो. नळी सायलेन्सरपासून लांब घ्या, मधे पत्र्याचा आडोसा लावा. नुसत्या पेट्रोलवर चालवल्याने इंजिनाचं नुकसान नाही, या इंजिनांचं कम्प्रेशन मुळातच कमी असतं. फक्त कार्बुरेटरचा जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून इंधन येतं तो, रॉकेलचा असेल तर पेट्रोल जास्त जाऊन प्लग काळा पडेल, तेवढं बघा. आणि कुठे रॉकेल मिळालंच, तर वडील करत होते ते विसरू नका : बंद करण्याआधी कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, पेट्रोलवर फिरवून कार्बुरेटरच्या वाटीतलं रॉकेल संपू द्यायचं. रॉकेल न जळता सिलिंडरमधून खाली ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, बदला.

इथेनॉलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण या मोसमात आलेल्या निम्म्या पत्रांच्या मुळाशी तेच आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या कार्बुरेटरच्या काही फ्लोटना (वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तुकड्यांना) आणि पेट्रोलच्या कॉकना बुचाचं लाकूड, म्हणजे कॉर्क, वापरलेला असतो, आणि फ्लोटच्या कॉर्कवर लाखेचं पॉलिश असतं. सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो. इथेनॉल म्हणजे तेच स्पिरिट. पॉलिश सुटतं, चिकट होऊन जेटमध्ये बसतं, आणि उघडा पडलेला कॉर्क पेट्रोल पिऊन जड होतो. मग कार्बुरेटर ओसंडून वाहतो. पितळी किंवा प्लास्टिकचा फ्लोट बसवून घ्या, कॉकला व्हायटॉन नावाच्या रबराच्या ओ-रिंगा, आणि नळी नवीन. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बसतो, आणि कॉक नेमका तळाला असतो. चार महिने कोकणचा पाऊस आणि टाकीत अर्धं पेट्रोल, ही गोष्ट करूच नका. जूनच्या आधी टाकी रिकामी करा, कार्बुरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून दोन-तीनदा हळू फिरवा आणि कम्प्रेशन लागेल तिथे थांबवून ठेवा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा आत जात नाही.

श्रीवर्धनहून : *ताई, आजेसासऱ्यांचा पितळी पायपंप माळ्यावर सापडला. सुपारीच्या वाडीत फवारणीला वापरत. पाय मारला की दांडा सहज खाली जातो, प्रेशर धरत नाही. नवीन घ्या असं सगळे म्हणतात. दुरुस्त होईल का? आणि पितळ चकचकीत कसं करू?*

होईल, आणि घरच्या घरी. पण दांड्याला हात लावण्याआधी हा विचार करा की त्या पंपातून आजवर काय काय गेलंय. नुसतं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, गेलं असेल असं धरून चालू नका. एंडोसल्फान या विषारी कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, त्याआधी ते सर्रास वापरात होतं आणि पंपाला त्याची लेबलं नसतात. रबरी हातमोजे घाला, उघड्यावर बसा. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने आतून दोन-तीनदा धुवा, पाणी विहिरीपासून आणि ओहोळापासून लांब, मातीत खड्डा करून त्यात टाका. जुनी रबरी नळी धुवू नका, टाकूनच द्या. रबर विष पितं आणि उन्हात परत सोडतं. मुलांना तिचा खेळ करू देऊ नका.

आता दुरुस्ती. दांडा सहज खाली जातो याचा अर्थ चामड्याची बकेट वाळून आक्रसली आहे. सिलिंडरच्या वरचं टोपण फिरवून दांडा वर ओढा. टोकाला वाटीच्या आकाराचं चामडं दिसेल. कडा फाटलेल्या नसतील तर ते रात्रभर कोमट एरंडेलात बुडवून ठेवा. सकाळी ते मऊ होऊन कडा बाहेर फाकतील. फाटलं असेल तर चांभाराकडून जाड, झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याचं नवीन करून घ्या : गोल कापायचं, ओलं करायचं, लाकडाच्या ठोकळ्यावर वाटीसारखं दाबून वाळवायचं. नायट्राईल रबराची तयार बकेटही बाजारात मिळते, पण तुमच्या पंपाचं सिलिंडर इतक्या वर्षांत मधे घासून रुंद झालेलं असणार. चामडं त्या रुंदीप्रमाणे फाकतं, रबर तितकं फाकत नाही. बसवताना वाटीचं तोंड ज्या बाजूला दाब येतो त्या बाजूला हवं. उलटं बसवलं तर तुम्ही दिवसभर पाय मारत राहाल.

एवढं करून प्रेशर येतं पण टिकत नाही, असं झालं तर व्हॉल्व्हची गोळी बघा. गोळीखालच्या बैठकीवर चुन्याचा थर बसतो. तो छिन्नीने खरवडू नका. व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवा, मऊ होऊन निघतो. मग गोळी बैठकीवर ठेवून लाकडाच्या तुकड्यावरून हलकासा एकच ठोका द्या, म्हणजे दोघांची गाठ नीट पडते. दांड्याच्या तोंडाशी गळत असेल तर तिथे ग्रॅफाइटची दोरी गुंडाळून ग्लँड आवळा. हाताने आवळून मग पान्याने पाव फेरी, जास्त नाही.

सुपारीच्या कोळेरोगासाठी हा पंप पुन्हा बोर्डोला वापरणार असाल तर पितळाला बोर्डोचं भय नाही, लोखंडाला आहे. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. चुना कमी पडला की मिश्रण आम्लधर्मी राहतं. ओळखायचं कसं, तर स्वच्छ घासलेला कोयता मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना अजून घाला. हा तांबूस रंग म्हणजे लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबं बसलेलं असतं. पंपात नंतर घातलेला एखादा लोखंडी नट किंवा स्प्रिंग असेल तर त्याच्यावर रोज हेच होत असणार. तो भाग पितळी करून घ्या.

चकचकीत करायच्या प्रश्नाला माझं उत्तर कोणाला आवडत नाही. करू नका. बफिंगच्या चाकावर कंपनीच्या शिक्क्याची अक्षरं पहिल्यांदा जातात, आणि डाख दिलेले जुने सांधे उघडे पडतात. चिंचेच्या पाण्याने एकदा पुसा, धुवा, वाळवा.

इप्सविच, इंग्लंडहून : *आम्ही मूळचे साताऱ्याचे. इथे घेतलेल्या घराच्या शेडमध्ये हाताने ढकलायचं जुनं गवत कापायचं यंत्र मिळालं, त्यावर रॅन्सम्स असं ओतीव अक्षरांत आहे. फिरतं छान, पण गवत कापत नाही, नुसतं आडवं पाडतं. पाती काढून ग्राइंडरवर धार लावू का?*

ग्राइंडर ठेवा बाजूला. आणि तुम्ही कुठल्या गावात राहता ते एकदा नीट बघा! रॅन्सम्स ही तुमच्या इप्सविचचीच कंपनी. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने १८३० मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कापडावरची उठलेली लव कातरायचं फिरत्या पात्यांचं यंत्र त्याने पाहिलेलं होतं. तेच त्याने जमिनीवर आणलं. दोन वर्षांनी, १८३२ मध्ये, रॅन्सम्सने परवाना घेऊन ती बनवायला सुरुवात केली. तेव्हा तुमचं यंत्र घरीच आहे, आणि त्याचे भाग शोधायला तुम्हाला आमच्यासारखा जुना बाजार पालथा घालावा लागणार नाही. साउथपोर्टला तर गवत कापायच्या यंत्रांचं अख्खं संग्रहालय आहे.

या यंत्रात धार एकट्या पात्याची नसते. वरचं फिरणारं पातं आणि खालची स्थिर पट्टी यांच्या कडा एकमेकींना भेटतात तिथे गवत कापलं जातं. वरची पाती पिळाची असल्यामुळे ही भेट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. ग्राइंडरने एकाच पात्यावर जास्त दाब पडला की तो पीळ बिघडतो, आणि मग यंत्र शोभेचं.

आधी सिलिंडरचा, म्हणजे फिरत्या पात्यांच्या पिंजऱ्याचा, दांडा धरून वर-खाली हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर तो पहिल्यांदा काढा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. मग वर्तमानपत्राची पट्टी घ्या. सिलिंडर हाताने हळू फिरवत ती खालच्या पट्टीच्या एका टोकाला, मधे आणि दुसऱ्या टोकाला कापून बघा. बोटं पात्यात घालू नका, पट्टी लांब घ्या. कुठे कापते, कुठे दुमडते ते खडूने लिहा. दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी खालची पट्टी थोडी थोडी वर आणा. इथे लोक घाई करतात आणि इतकं आवळतात की सिलिंडर करकरायला लागतो. लोखंडाला लोखंड घासून आवाज येणं म्हणजे धार नव्हे. हलका 'सुंई' असा आवाज पुरे.

तरीही काही जागी कागद दुमडत असेल तर व्हॉल्व्हला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट आणा. चाक काढून त्यातली पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, बाजूला करा आणि सिलिंडरच्या दांड्याला हँडल जोडून सिलिंडर उलट्या दिशेने फिरवा, पात्यांवर ब्रशने पेस्ट लावत. उलटंच फिरवायचं, म्हणजे कडा एकमेकींना खोदत नाहीत, एकमेकींना बसवून घेतात. सगळ्या कडांवर अखंड चकाकती रेघ दिसली की थांबा. मग रॉकेलने, तुमच्याकडे पॅराफिन म्हणतात त्याने, पेस्टचा कण न् कण धुवून काढा. एक कण बेअरिंगमध्ये राहिला तर तोही आपलं काम करत राहणार. पिनियन परत बसवताना आतला छोटा खटका कुठल्या बाजूला तोंड करून होता ते काढण्याआधीच फोटो काढून ठेवा. तो उलटा बसला की यंत्र मागे ओढताना फिरतं आणि पुढे ढकलताना गप्प.

रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, पाण्याचा पॉलिश पेपर वापरा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

आष्ट्याहून : *आमच्या उसाच्या आणि केळीच्या बागेत आजोबांचं दोन उघड्या चाकांचं जुनं सहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे. वीस-एक वर्षं बंद, जाम झालंय. भंगारवाला वजनावर मागतोय. भाऊ म्हणतो ट्रॅक्टरला दोर बांधून चाक ओढू, सुटेल.*

भावाला आधी थांबवा. ट्रॅक्टर जिंकेल, पण चाकाची ओतीव आरी तुटेल किंवा रॉड वाकेल, आणि मग भंगारवाल्याशिवाय कोणी विचारणार नाही.

तुमच्या वर्णनावरून हे लिस्टर या इंग्लिश कंपनीच्या धाटणीचं इंजिन आहे. मूळ डिझाइन डर्सलीचं, म्हणजे बडिंगच्याच ग्लॉस्टरशरमधलं, १९३०च्या सुमाराचं. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे. इतक्या संथ गतीमुळेच ती वर्षानुवर्षं टिकतात. तिकडे ते १९८७ पर्यंत बनत होतं, आणि आपल्याकडे राजकोटला त्याच्या नकला इतक्या निघाल्या की तुमचं इंजिन मूळ असो वा नक्कल, रिंगा, लायनर, बेअरिंग सगळं आजही मिळतं. म्हणून मी याला कधी भंगार म्हणत नाही.

इंजिनाला पंपाशी जोडणारा पट्टा काढा. इंजिनच जाम आहे की पंप जाम आहे, हे आधी ठरू दे. पंप निघाला तर हसा आणि मला कळवा. इंजिनच असेल तर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी, काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑटो गिअरबॉक्सचं लाल तेल, अर्धं-अर्धं, घाला. जिरेल तसं रोज थोडं थोडं घालत राहा, आठवडाभर. रोज चाकाची कड दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे झुलवा. पूर्ण फिरवायचा हट्ट नको. एक दिवस केसभर हलेल, मग बोटभर. हातोडी चाकावर मारू नका, हँडलला पाइप घालून जोर लावू नका. आठवड्याने काहीच हललं नाही तर हेड उतरवा. पिस्टन सिलिंडरच्या मधल्या भागात असेल तर त्याच्या माथ्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके चालतात. अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर ठोकून उपयोग शून्य, कारण रॉड तेव्हा क्रँकच्या सरळ रेषेत असतो आणि तुमचा मार थेट बेअरिंगवर जातो. अशा वेळी हे काम जाणत्याकडे न्या.

सुटलं की लगेच हँडल मारायचा मोह होईल. खालचं ऑइल काढा आधी, त्यात बहुधा पाणी निघेल. क्रँककेसचा तळ फडक्याने पुसा, नवीन ऑइल भरा, कम्प्रेशन सोडून हाताने फिरवत बेअरिंगपर्यंत ऑइल पोचू द्या. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना समोर हात धरू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो, आणि वरून नुसता ठिपका दिसला तरी ते तातडीने दवाखान्यात जायचं प्रकरण आहे. पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडाशी एक फळी तयार ठेवा. इंजिनाने स्वतःचंच ऑइल ओढून वेग धरला तर डिझेल बंद करून ते थांबत नाही, हवा बंद करूनच थांबतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला, वळसा घालून नाही. उलटा झटका आला तर मनगट वाचतं. आणि त्या दोन उघड्या चाकांजवळ साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल नको. चाकांना जाळी करून घ्या, जुन्या रूपाला शोभत नाही असं कोणी म्हणालं तर म्हणू दे.

नाशिकहून : *द्राक्षबागेतल्या जुन्या इंग्लिश फवारणी यंत्राचा चार सुती बोल्ट बदलतोय. दुकानातला नवीन चार सुतीच आहे, पण दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. पान्याने दाबून घालू?*

नाही! अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुती, बोल्ट हीच नेमकी खोडीची जागा आहे. जुन्या इंग्लिश यंत्रांना व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, आटे असतात, आणि दुकानदाराने तुम्हाला अमेरिकन मापाचा यूएनसी दिलाय. पाव इंचापासून एक इंचापर्यंत या दोघांचे इंचाला आटे बहुतेक सारखेच असतात, त्यामुळे लोक सर्रास एकाला दुसरा लावतात आणि निभावून जातं. फक्त अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. म्हणून सुरुवातीला जातो आणि मग रुततो. दाबलात तर ओतीव बॉडीचे आटे जातील. बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ, असं सांगून मागा, आणि आट्यांचा गेज घेऊन जा, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. पाना पण व्हिटवर्थचाच घ्या. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही. जुन्या अर्ध्या इंची बोल्टचं डोकं ०.९२ इंच असतं. २३ मिलिमीटरचा पाना बसत नाही, २४चा बसतो पण कोपरे गोल करून टाकतो.

पलूसहून : *पणजोबांचा किर्लोस्करचा लोखंडी नांगर बंगल्यासमोरच्या बागेत ठेवायचाय. सोनेरी रंग द्यावा की चंदेरी?*

दोन्ही नको. किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. पुढे १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तुमच्या पलूसच्या शेजारीच. अशा नांगराला लग्नाच्या मंडपातल्या खांबाचा रंग देणार?

गंज काढायला काकवी वापरा. एक भाग काकवी, नऊ-दहा भाग पाणी, मोठ्या पिंपात नांगराचे लोखंडी भाग बुडवून ठेवा. मळीनेही होतं, पण तिच्यावर एक्साइजचं नियंत्रण आहे, त्या भानगडीत पडू नका. पिंप घरापासून लांब ठेवा, आंबून वास सुटतो आणि माश्या येतात. काकवी गंज सोडवते, चांगलं लोखंड जवळजवळ खात नाही. पण ओतीव भाग दर दोन-तीन दिवसांनी काढून बघा आणि आठवडा-पंधरवड्यात बाहेर घ्या. विसरलात तर पृष्ठभाग खरखरीत होतो. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेली वस्तू त्यात घालू नका. मग पाण्याने धुवून, लगेच उन्हात वाळवून, जवसाच्या बेलतेलाचा पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. लाकडी ईस, म्हणजे नांगराचा लांब दांडा, असेल तर तिलाही तेच. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

नागपूरहून : *बॅटरी चार्जर आणि सोड्याच्या पाण्याने गंज काढायचा व्हिडिओ पाहिला. त्यात दुसऱ्या टोकाला स्टीलचं पातेलं लावलं होतं. मी पण लावू?*

लावू नका. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम त्या पाण्यात उतरतं आणि घातक रूप घेतं. ते पाणी मग टाकायलाही जागा नसते. साध्या लोखंडाच्या सळईचे तुकडे घ्या, ते झिजतील, झिजू द्या. सोडा धुण्याचा, मीठ अजिबात नको, त्याने क्लोरिन सुटतो. गंजलेली वस्तू चार्जरच्या निगेटिव्हला, सळई पॉझिटिव्हला. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा, बिडी-सिगारेट लांब, आणि चिमटे काढण्याआधी चार्जरचं बटण बंद. पितळ आणि ॲल्युमिनियम यात घालायचं नाही. पातेलं स्वयंपाकघरातच राहू द्या.